फेरो पिसणी : हस्तलाघवाची साधना आणि कलासमीक्षेपुढील काही प्रश्न

प्रास्ताविक

मराठीत पत्ते दोन प्रकारे हाताळले जातात. ते ‘कुटले’ जातात आणि ‘पिसले’ जातात. ‘पत्ते कुटणे’ या वाक्प्रचारात रिकामटेकडेपणाचा शेरा आहे. ‘पिसणे’ हे क्रियापद मात्र निंदाव्यंजक नाही. डावाच्या आरंभीच्या एका अपरिहार्य, पण कोणाचेही लक्ष न जाणाऱ्या कृतीचे ते साधे नाव आहे. खानदेशात आखाजीच्या सणाला पत्त्यांचे डाव बसण्याची जुनी रीत आहे. नंदुरबार तालुक्यातील रनाळे काय किंवा त्या परिसरातील अन्य कोणतेही गाव काय, डावाला बसलेल्यांची पिसणाऱ्याकडून अपेक्षा एकच असते : मागच्या डावाचा क्रम पुढच्या डावात उरू नये. पिसून झाल्यावर जोड शेजाऱ्यापुढे काटण्यासाठी ठेवला जातो, तो याच अपेक्षेची खातरजमा म्हणून. पिसणे हा खेळातील न्यायाचा पाया आहे आणि म्हणूनच पिसण्यातील लबाडी हा खेळातील सर्वांत मोठा अपराध ठरतो.

जादूगाराच्या हातातील पिसणे याच्या बरोबर उलट टोकाला उभे आहे. तेथे क्रम मोडला असे दिसावे लागते आणि तो मोडता कामा नये. अशा प्रकारांपैकी अत्यंत अवघड मानली जाणारी रीत म्हणजे ‘फेरो’ पिसणी होय. (पत्ते पिसण्याच्या कृतीस या लेखात ‘पिसणी’ असे म्हटले आहे.) ही पिसणी कशी शिकली जाते, तिच्यासंबंधीच्या ग्रंथांनी ती कशी शिकविली आणि तिच्या साधनेचे मूल्यमापन करू जाता कलासमीक्षेची परिचित परिमाणे कोठे अपुरी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गायन-वादनाच्या रियाजाविषयी मराठीत विपुल लिहिले गेले. हस्तलाघवाच्या रियाजाला समीक्षेने क्वचितच हात लावला. वस्तुतः वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘ऐंद्रजाल’ आणि ‘हस्तलाघव’ ही दोन नावे स्वतंत्रपणे येतात. भ्रम निर्माण करणे ही एक कला आणि हाताची चपळाई ही दुसरी, हा भेद त्या यादीला ठाऊक होता. फेरो पिसणीचा विचार करताना तो पुढे उपयोगी पडणार आहे.

पिसणीचे स्वरूप

बावन्न पानांचा जोड बरोबर मध्यावर काटून सव्वीस-सव्वीस पानांच्या दोन थप्प्या करावयाच्या आणि त्या एकमेकींत अशा गुंफावयाच्या की पहिल्या थप्पीचे एक पान, दुसरीचे एक पान, पुन्हा पहिलीचे एक, असा क्रम शेवटपर्यंत एकदाही चुकू नये, ही फेरो पिसणीची व्याख्या. ती करताना मूळचे सर्वांत वरचे पान वरच राहिले तर ती ‘बाहेरची’ पिसणी आणि ते एक घर आत जाऊन दुसऱ्या क्रमांकावर आले तर ती ‘आतली’ पिसणी होय. हा भेद क्षुल्लक वाटतो, परंतु त्याचे परिणाम फार वेगळे आहेत. बाहेरच्या आठ पिसण्यांनंतर बावन्न पाने जशीच्या तशी मूळ क्रमावर येतात. आतल्या पिसण्यांना मात्र त्यासाठी बावन्न आवर्तने लागतात आणि त्यांतील सव्विसाव्या आवर्तनाला सारा जोड बरोबर उलट्या क्रमाने लागलेला असतो.

बाहेरच्या पिसणीत प्रत्येक पान आपापल्या ठरलेल्या वाटेने फिरते. ज्या पानावर आरंभी एक पान आहे, त्यावर पुढे अनुक्रमे दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, तेरा आणि सव्वीस पाने येतात आणि आठव्या पिसणीला पुन्हा एकच उरते. वरून अठरावे आणि पस्तिसावे पान मात्र या यात्रेला निघतच नाहीत. ती दोघे प्रत्येक पिसणीत केवळ एकमेकांची जागा घेत राहतात.

‘फेरो’ हे नाव जुगारातून आले आहे. फ्रान्समधून निघून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या त्या नावाच्या खेळातील पत्ते वाटणाऱ्यांची ही युक्ती होती. इंग्लंडमधील जादूगार जॉन नेव्हिल मॅस्केलिन यांनी पत्त्यांतील लबाडीवर लिहिलेल्या ‘शार्प्स अँड फ्लॅट्स’ (१८९४) या ग्रंथात तिचे वर्णन आढळते. म्हणजे या कौशल्याची पहिली नोंद कलेच्या इतिहासात नव्हे, तर फसवणुकीच्या इतिहासात सापडते. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमाने केवळ कौशल्याच्या खेळाला आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. फेरो पिसणी ज्याला साधली त्याने दैवाच्या खेळाचे आपल्यापुरते कौशल्याच्या खेळात रूपांतर केलेले असते, हे कायदा करणाऱ्यांच्या मनात नसावे!

या पिसणीचे गणितही मौजेचे आहे. डेव्ह बायर आणि पर्सी डायकॉनिस यांनी १९९२ साली दाखवून दिले की अंगठ्यांनी कडा सोडत केलेल्या नेहमीच्या ओबडधोबड पिसणीच्या सुमारे सात आवर्तनांत बावन्न पाने व्यवहारतः पुरेशी मिसळतात. सात अशुद्ध पिसण्यांनी जोड मिसळतो आणि आठ शुद्ध पिसण्यांनी तो मुळीच मिसळत नाही. मिसळण्याचे काम चुकाच करतात. डायकॉनिस हे स्वतः वयाच्या चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या जादूगाराबरोबर भटकंतीला निघाले होते आणि पुढे गणितज्ञ झाले. त्यांच्या गणिताला हाताचा अनुभव आहे, तो असा.

पाठ्यग्रंथ आणि बोटांचे ज्ञान

पत्त्यांच्या हस्तलाघवावरील ग्रंथांत ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ (१९०२) या पुस्तकाचे स्थान अनन्य आहे. एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावामागचा लेखक कोण, हे आजही निर्विवादपणे ठरलेले नाही. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिला जुगाराच्या टेबलावरील क्लृप्त्यांचा आणि दुसरा जादूचा. एकाच पुठ्ठ्यात बांधलेले हे दोन भाग म्हणजे या विद्येच्या नैतिक संदिग्धतेचे चित्र होय. हात तोच, बोटे तीच. भेद आहे तो समोर बसलेल्या माणसाशी असलेल्या कराराचा. जादूगार ‘मी फसवणार आहे’ असे सांगून फसवतो, जुगारी ते सांगत नाही.

फेरो पिसणीचे सविस्तर विवेचन शिकागोच्या एडवर्ड मार्लो (१९१३–१९९१) यांनी १९५८ साली केले. मार्लो यांची पद्धत तपशिलाची आहे : बोटे कोठे असावीत, काप मध्यावर पडला की नाही हे कसे ओळखावे, एखादे पान इकडेतिकडे झाल्यास ते कसे सावरावे. ही चिकाटी प्रशंसनीय आहे. तथापि अशा ग्रंथांची एक मर्यादा चटकन जाणवते. ते हाताची स्थिती सांगू शकतात, हाताचा दाब सांगू शकत नाहीत. दोन थप्प्यांचे कोपरे एकमेकांना भिडवून हलका दाब दिला की पाने आपोआप एकाआड एक शिरू लागतात आणि साखळीपट्टी बंद व्हावी तशी गुंफण शेवटपर्यंत धावत जाते. पण ‘हलका’ म्हणजे किती? दाब अधिक झाला तर दोन-दोन पाने जोडीने शिरतात आणि कमी झाला तर कडा एकमेकींवर नुसत्या घासत राहतात. या दोहोंमधली जागा कागदावर काढून दाखविता येत नाही.

योगायोग असा की मार्लोंच्या ग्रंथाच्याच वर्षी मायकेल पोलान्यी यांचा ‘पर्सनल नॉलेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मनुष्याला सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, ही पोलान्यींच्या विचाराची दिशा. पियानोवादकाने वाजवीत असलेल्या रचनेवरून लक्ष काढून बोटांवर आणले तर तो गोंधळतो, असे ते म्हणतात. फेरोचा अभ्यासक नेमक्या याच पेचात सापडतो. शिकताना लक्ष बोटांवर ठेवावेच लागते आणि लक्ष बोटांवर आहे तोवर पिसणी साधत नाही. ग्रंथ वाचकाला पहिल्या अवस्थेपर्यंत आणून सोडतात. दुसऱ्या अवस्थेकडे जाण्याची वाट ‘सराव करा’ या दोन शब्दांत संपते.

अलीकडे चित्रफितींमुळे ही उणीव भरून निघाली असे मानले जाते. रनाळ्यासारख्या गावात, जेथे जादूगारांचे मंडळ वा गुरू जवळपास मिळण्याचा संभव कमी, तेथे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जगातल्या उत्तम हातांचे दर्शन होऊ शकते, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही चित्रफीत स्थितीच दाखवते. दाब तिलाही दाखवता येत नाही. शिवाय ती यशस्वी झालेली पिसणी दाखवते, त्याआधीच्या फसलेल्या पन्नास दाखवत नाही. ग्रंथ निदान चुकांची यादी देतात. या बाबतीत मार्लोंचे जुने पुस्तक अनेक नव्या चित्रफितींहून अधिक प्रामाणिक शिक्षक आहे, असे म्हणावे लागते.

साधनांचा प्रश्नही दुर्लक्षिण्यासारखा नाही. कारखान्यात पाने कापताना पात्याच्या दाबाने त्यांच्या कडेला किंचित उतार येतो. त्यामुळे एकच जोड एका दिशेने सहज गुंफला जातो आणि उलट धरल्यास अडतो. हे ठाऊक नसलेला नवशिका महिनोन्‌महिने स्वतःच्या बोटांना दोष देत राहतो. पावसाळ्यात कागदी पाने दमट होऊन फुगतात, उन्हाळ्यात घामेजल्या बोटांना चिकटतात. ही पिसणी मुळात चौकोनी, कोपरे असलेल्या विलायती पानांसाठी जन्मली आहे, हेही ध्यानात ठेवावे लागते. सावंतवाडीच्या गंजिफांची पाने गोल; दशावतारी गंजिफेचा जोड एकशे वीस पानांचा. गोल पानाला कोपरा नाही, त्यामुळे कोपऱ्यापासून सुरू होणारी गुंफणही नाही.

या साधनेची तुलना संगीताच्या रियाजाशी करण्याचा मोह होतो. चाळीस दिवसांचा चिल्ला, एकच पलटा शेकडो वेळा घोकणे, विलंबितातून द्रुताकडे जाणे, हे सारे वरवर जुळते. परंतु एका मुद्द्यावर तुलना तुटते. गायकाची एखादी तान किंचित घसरली तरी मैफल उरते. उरलेली तान आपले मूल्य राखून असते. फेरोत पन्नास सांधे जुळले आणि एक चुकला तर गणिताच्या दृष्टीने सारी पिसणी फसली. उलटपक्षी ही फसगत समोरच्या प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. गाण्यातील चूक रसिकाला आधी कळते, येथील चूक केवळ साधकाला.

तीही त्याला कळते कशी? येथेच या पिसणीचे एक वैशिष्ट्य पुढे येते, ज्याकडे अध्यापकवर्गाने मुद्दाम लक्ष द्यावे. नवा जोड क्रमाने लावून बाहेरच्या आठ पिसण्या केल्या की जोड स्वतःच निकाल सांगतो. आठ पिसण्यांत मिळून पानांचे चारशे आठ सांधे असतात. ते सारे अचूक असतील तर मूळ क्रम परत येतो. एखाद्या ठिकाणी पाने जोडीने शिरून शेजारच्या दोन पानांची अदलाबदल झाली असेल, तर ती चूक कोणत्या आवर्तनात झाली हेही वाचता येते. शेवटच्या पिसणीतील चूक शेजारच्याच दोन पानांत दिसते. सातव्या पिसणीतील चूक दोन घरांच्या अंतरावर, सहाव्यातील चार, पाचव्यातील आठ, चौथ्यातील सोळा घरांच्या अंतरावर उमटते. चूक जितकी जुनी तितकी ती पाने (निदान या टप्प्यापर्यंत) एकमेकांपासून दूर गेलेली. परीक्षकावाचून होणारी आणि गुणांऐवजी चुकीचे ठिकाण सांगणारी परीक्षा शिक्षणव्यवस्थेत सहसा आढळत नाही. पत्त्यांच्या जोडात ती आढळते.

दहा हजार तासांच्या सरावाचा अलीकडे फार बोलबाला झाला. अँडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांनी १९९३ साली व्हायोलिनवादकांविषयी मांडलेल्या निरीक्षणाचे ते ढोबळ लोकप्रिय रूप आहे. मूळ आग्रह तासांवर नव्हता. चूक तात्काळ कळण्याची सोय असलेल्या, हेतुपूर्वक केलेल्या सरावावर होता. फेरोच्या अभ्यासकाला ही सोय जन्मजात मिळाली आहे.

पिंगलाचा ‘नष्ट’ आणि एल्म्स्लींची रीत

आठ पिसण्यांनी क्रम परत आणणे ही झाली पिसणीची परीक्षा. तिचा कलेत उपयोग करण्याची वाट दाखवली ती ॲलेक्स एल्म्स्ली (१९२९–२००६) यांनी. एल्म्स्ली संगणकाच्या क्षेत्रात काम करणारे ब्रिटिश जादूगार होते. ‘आतली’ आणि ‘बाहेरची’ ही नावे त्यांचीच. १९५० च्या दशकात त्यांनी असे दाखवले की वरचे पान जोडात हव्या त्या ठिकाणी नेता येते. त्या पानावर जितकी पाने यावयाची तो आकडा द्विमान पद्धतीत लिहावा. एकच्या जागी आतली पिसणी करावी, शून्याच्या जागी बाहेरची. पानावर तेरा पाने हवी असतील तर तेराचे द्विमान रूप ११०१. म्हणून आतली, आतली, बाहेरची, आतली. वरचे पान चौदाव्या क्रमांकावर जाऊन बसते.

मराठी व संस्कृतच्या अध्यापकाला ही रीत पाहून काहीतरी ओळखीचे वाटले पाहिजे. छंदःशास्त्रात पिंगलाने प्रस्ताराची मांडणी केली आणि प्रस्तारातील अमुक क्रमांकाच्या ओळीत लघु-गुरूंची रचना कोणती, हे सारा प्रस्तार न लिहिता काढण्याची कृती सांगितली. ती ‘नष्ट’ या नावाने प्रसिद्ध आहे. क्रमांक सम असेल तर लघू लिहून त्याचे अर्ध करावे. विषम असेल तर गुरू लिहून त्यात एक मिळवून अर्ध करावे. आता हीच कृती चौदा या क्रमांकावर करून पाहावी. चौदा सम, म्हणून लघू आणि उरले सात. सात विषम, म्हणून गुरू. एक मिळवून अर्ध केले की चार. चार सम, लघू, उरले दोन. दोन सम, लघू, उरला एक. मिळालेली रचना लघू, गुरू, लघू, लघू. ती शेवटाकडून वाचून लघूच्या जागी आतली आणि गुरूच्या जागी बाहेरची पिसणी घातली, तर एल्म्स्लींचाच क्रम हाती येतो : आतली, आतली, बाहेरची, आतली.

हे साम्य चौदापुरते नाही, कोणत्याही क्रमांकाला लागू पडते. कारण दोन्ही ठिकाणी दुप्पट आणि अर्ध यांचेच व्यवहार आहेत. पिसणी पानाचे स्थान दुप्पट करते, नष्ट ते अर्धे करत मागे जातो, म्हणूनच रचना उलटी वाचावी लागते. एल्म्स्लींना पिंगल ठाऊक होता असा दावा येथे मुळीच नाही. ‘आमच्याकडे सर्व होतेच’ या प्रकारच्या अभिमानालाही येथे जागा नाही. पिंगलाने पत्ते पिसले नव्हते. मुद्दा इतकाच की वृत्ते शिकविणाऱ्या अध्यापकाजवळ या पिसणीच्या व्याकरणाचे अर्धे साहित्य आधीच आहे. पर्सी डायकॉनिस, रॉन ग्रॅहम आणि विल्यम कँटर यांनी १९८३ साली या पिसण्यांच्या गणिताची पूर्ण मीमांसा केली आणि डायकॉनिस-ग्रॅहम यांच्या ‘मॅजिकल मॅथेमॅटिक्स’ (२०११) या ग्रंथाने ती सामान्य वाचकापर्यंत आणली. मात्र गणिताच्या आनंदात हाताचे कष्ट झाकले जातात, हा या लेखनाचा एक धोका आहे. कागदावर चार पिसण्या म्हणजे चार अक्षरे. हातात त्या चार वेळा सव्वीसावर अचूक पडलेला काप असतात.

कारागिरी की कला?

आर. जी. कॉलिंगवुड यांनी ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ (१९३८) मध्ये कारागिरी आणि कला यांत भेद केला. ज्या कृतीचे साध्य आधीच ठरलेले असते आणि साधन त्या साध्यासाठी योजले जाते, ती कारागिरी. या कसोटीवर फेरो पिसणी ही शुद्ध कारागिरी ठरते. तिचे साध्य इतके निश्चित आहे की ते आकड्यांत सांगता येते. बा. सी. मर्ढेकरांच्या लयविचाराकडे वळावे तर संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे इंद्रियांना प्रतीत होणाऱ्या घटकांच्या संबंधांत शोधावी लागतात. दोन थप्प्या परस्परांत मिटत जाताना दिसणारी गती आणि पानांची मंद सरसर यांत तसे काही क्षणभर आहेही. परंतु या पिसणीचा खरा गाभा, म्हणजे एकाआड एक हा क्रम, डोळ्याला प्रतीतच होत नाही. एकावन्नऐवजी पन्नास सांधे जुळले असते तरी दृश्य तेच राहिले असते. मग रसिक कोणाचा आस्वाद घेतो?

येथे सोपे उत्तर असे दिले जाते की ही जाणकारांची कला आहे. तिचा रसिक दुसरा जादूगारच. हे उत्तर स्वीकारले तर फेरो पिसणी ही मूठभर साधकांनी एकमेकांना दाखवावयाची कसरत होऊन बसते आणि आज अनेक ठिकाणी ती तशी झालीही आहे. अचूक आठ पिसण्या किती सेकंदांत, याची स्पर्धा हे तिचे टोक. ज्या तंत्राचे सामर्थ्य न दिसण्यात होते, ते दिसण्यासाठीच केले जाऊ लागले. एल्म्स्लींचे महत्त्व या पार्श्वभूमीवर उठून दिसते. त्यांनी पिसणीला प्रयोगाच्या रचनेत जागा दिली. प्रेक्षकाने सांगितलेल्या क्रमांकावर त्याचेच पान निघते तेव्हा प्रेक्षक आस्वाद घेतो तो घटनेचा. पिसणी त्या घटनेच्या पायाखाली पुरलेली असते. कॉलिंगवुड यांचा भेद मान्य ठेवूनही म्हणता येईल की पिसणी कारागिरी आहे आणि तिला कोठे पुरायचे हे ठरविणे कला. कामसूत्राच्या यादीतील हस्तलाघव आणि ऐंद्रजाल ही दोन वेगळी नावे येथे अर्थपूर्ण ठरतात.

मराठी जादूची परंपरा या बाबतीत वेगळ्या वाटेने गेली. पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४), आणि पुढे विजय रघुवीर व जितेंद्र रघुवीर अशा तीन पिढ्यांनी ती नाट्यगृहात नेऊन प्रतिष्ठित केली. नाट्यगृहाच्या मागच्या रांगेतून पत्त्याचे पानच नीट दिसत नाही, तेथे सव्विसावा काप कोणाला दिसणार? रंगमंचाने जादूला प्रेक्षक दिले आणि हाताच्या बारीक कामाला ते नाकारले. फेरो ही चार-सहा माणसांच्या बैठकीची विद्या आहे. खानदेशातील पाराची बैठक तिला नाट्यगृहापेक्षा अधिक मानवते, फक्त तेथे पैशाचा डाव नसावा.

उघड गुपित

‘जादू’ हा शब्द नंदुरबार जिल्ह्यात निरुपद्रवी नाही. सातपुड्याच्या काही भागांत स्त्रीला ‘डाकीण’ ठरवून तिचा छळ झाल्याच्या घटना घडल्या आहेत. आजारपण, मृत्यू किंवा भाऊबंदकीतील जमिनीचा वाद यांचे खापर तिच्या कथित जादूटोण्यावर फोडले जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रश्नावर काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. अशा प्रदेशात हस्तलाघवाच्या साधनेचा विचार केवळ सौंदर्यशास्त्रीय राहू शकत नाही. ज्या बोटांच्या चपळाईला एका ठिकाणी टाळी मिळते, तिच्याच आधारे दुसऱ्या ठिकाणी भोंदू आपला दरारा बसवतो.

चळवळीच्या कार्यकर्त्यांची रीत अशी की आधी चमत्कार करून दाखवायचा आणि मग त्यामागची युक्ती फोडायची. नारळातून करणी काढणे, पाण्याने दिवा पेटविणे हे प्रयोग गुपित कळताच कोणालाही करता येतात. तेच त्यांचे प्रयोजन आहे. जादूगारांचा धर्म याच्या उलट, गुपित न फोडण्याचा. या दोन भूमिकांत कायमचा तणाव आहे आणि जादूगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो फारसा प्रामाणिकपणे हाताळलेला नाही. आश्चर्य टिकवायचे म्हणून अज्ञान टिकवायचे, हा युक्तिवाद डाकिणीच्या प्रश्नापुढे उभा राहत नाही.

फेरो पिसणीची जागा या वादात विलक्षण आहे. तिचे सारे गुपित एका वाक्यात सांगता येते : पाने एकाआड एक गुंफायची. ते सांगितल्याने ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कारण गुपित माहितीत नाही, महिन्यांच्या कष्टांत आहे. गारुड्याचा खेळ गुपितावर चालतो, डोंबाऱ्याचा कसबावर. दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्याकडे लपवण्यासारखे काही नसते आणि तरीही श्वास रोखला जातो. फेरो पिसणी गुप्त ठेवून केली तर ती गारुड्याची, उघड करून केली तर डोंबाऱ्याची. यावर जादूगारांचा आक्षेप असा की उघड केल्यावर उरते ती कसरत, जादू नव्हे. आक्षेप अंशतः खरा आहे. सांगून केलेल्या पिसणीत प्रेक्षकाचे पान हव्या त्या क्रमांकावर निघण्याचा धक्का उरत नाही. मात्र आठ पिसण्यांनंतर बावन्न पाने पुन्हा एक्क्यापासून राजापर्यंत ओळीने उलगडतात, तेव्हा सारे ठाऊक असूनही पाहणाऱ्याचा डोळा ते मानायला तयार होत नाही. कारण कळल्यावरही न ओसरणारे हे आश्चर्य जादूच्या इतर अनेक प्रकारांत नाही, आणि समीक्षेने त्याची नोंद घेतलेली नाही.

रनाळे परिसरातील एखाद्या शाळेच्या वा महाविद्यालयाच्या वर्गात हा प्रयोग करावयाचा झाल्यास बावन्न पानांपासून आरंभ करण्याचे कारण नाही. आठ पानांना बाहेरच्या तीन पिसण्या पुरतात, सोळांना चार, बत्तिसांना पाच आणि चौसष्टांना सहा. बावन्नांनाच आठ लागतात, हा विद्यार्थ्यांना कोड्यात पाडणारा भाग. वहीच्या पुठ्ठ्याचे सोळा तुकडे करून त्यांवर आकडे घालावेत आणि आठ-आठांच्या दोन थप्प्या बाकावर हातानेच एकाआड एक लावाव्यात. मिनिटाभराचे काम आहे. चौथ्या वेळी आकडे एकपासून सोळापर्यंत ओळीने येतात आणि वर्गातील कोणालाही ते जमते. मग त्याच बाकावर पत्त्यांचा खरा जोड ठेवून त्यातली सोळा पाने मोजून घ्यावीत आणि तीच गोष्ट हवेत, दोन हातांत, एका दाबात करण्यास सांगावे.